चढासाठी हलके गिअर: रोड बाईकवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

पावसाळा सरला की पुण्या-मुंबईकडचे सायकलवाले घाटांकडे वळतात आणि लगेच हे प्रश्न सुरू होतात. उत्तरं मुख्यतः शिमानो कंपनीच्या सुट्या भागांना धरून दिली आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक रोड बाईकवर तेच असतात.

पसरणी घाट आरामात चढतो. सिंहगडावर मात्र पाय थांबतात. कमी कुठे पडतो, पायात की गिअरमध्ये?

बहुतेक वेळा गिअरमध्ये. हिशोबच मांडू. तुमचं वजन ७५ किलो, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून १० किलो, आणि तासभर टिकणारी ताकद १५० वॉट. नियमित चालवणाऱ्या हौशी माणसाला हे जमतं. सायकलला पुढे ५०/३४ चेनरिंग (पेडलजवळच्या ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या) आणि मागे ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरचा ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा संच), म्हणजे सर्वात हलका गिअर ३४/२८. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५५ मीटर पुढे जाते.

पाच टक्के चढावर (शंभर मीटरला पाच मीटर उंची) या ताकदीत ताशी ११ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो आणि पेडलचे मिनिटाला सत्तरेक फेरे होतात. अगदी सुखाचा आकडा. पसरणीचा चढ याच्याच जवळपास आणि बऱ्यापैकी एकसारखा आहे, म्हणून तिथे काही जाणवत नाही. चढ दहा टक्के झाला की त्याच ताकदीत वेग ताशी ६ किलोमीटरवर येतो आणि फेरे उरतात ४०. चाळीस फेऱ्यांना प्रत्येक पेडल दाबून खाली ढकलावं लागतं. मांड्या भरून येतात, तुम्ही सीटवरून उठता, छाती धपापते आणि पुढच्या वळणावर पाय जमिनीला लागतो.

सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर काही वळणांवर चढ दहा टक्क्यांच्याही पुढे जातो. जुने घाटरस्ते बैलगाड्या आणि मालवाहतुकीसाठी आखलेले, त्यामुळे ते लांबून वळसे घेत चढतात. गडावर आणि डोंगरातल्या देवळांकडे जाणारे छोटे रस्ते मात्र जीप चढली की झालं, अशा बेताने केलेले असतात. हलक्या गिअरची खरी गरज या रस्त्यांवर पडते.

मग ३४ दात्यांची कॅसेट लावली तर किती फरक पडेल?

त्याच दहा टक्क्यांवर ३४/३४ गिअरमध्ये एका फेऱ्यात २.१ मीटर. म्हणजे ४० ऐवजी साधारण ४८-४९ फेरे. पुढे ३० दात्यांची चेनरिंग असेल तर ५५. वेग तोच, ताकद तीच, फक्त प्रत्येक फेऱ्यातला जोर कमी होतो. हलका गिअर तुम्हाला वर लवकर पोचवेलच असं नाही. पण वर पोचल्यावर उरलेले ऐंशी किलोमीटर चालवायला पाय शिल्लक राहतात.

गिअर किती हलका हे पटकन कसं काढायचं?

पुढचे दाते भागिले मागचे दाते. उत्तर जितकं लहान, तितका गिअर हलका. ३९/२५ म्हणजे १.५६, ३६/२८ म्हणजे १.२९, ३४/२८ म्हणजे १.२१, ३४/३२ म्हणजे १.०६, ३४/३४ म्हणजे १, आणि ३०/३४ म्हणजे ०.८८. या आकड्याला २.१ ने गुणलं की ७०० बाय २५ च्या टायरवर एका फेऱ्यात किती मीटर जाल ते कळतं. सह्याद्रीतल्या चढांसाठी सामान्य माणसाने १ च्या आसपास असावं, सामान लादून फिरणाऱ्याने १ च्या खाली.

आधी काय बदलू, मागची कॅसेट की पुढचा क्रँक?

कॅसेट. ती स्वस्त पडते, अर्ध्या तासात बदलता येते, आणि नाही आवडली तर जुनी परत बसवता येते. क्रँक (पेडल आणि चेनरिंग धरणारे हात) बदलायचा म्हणजे बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग) जुळतं का, पुढचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) खाली सरकतो का, असे एकातून एक प्रश्न निघतात. मागे जे काही बसू शकतं ते बसवून झाल्यावरही कमी पडत असेल, तरच पुढे हात घाला.

माझ्या सायकलला मागे किती दात्यांपर्यंत कॅसेट बसेल?

हे मागच्या डिरेल्युअरवर, म्हणजे आरडीवर ठरतं. आरडीच्या आतल्या बाजूला, चाकाकडे तोंड असलेल्या भागावर मॉडेल नंबर कोरलेला असतो. चिखल पुसून मोबाईलचा टॉर्च मारला की दिसतो. त्या नंबरापुढे 'एसएस' किंवा 'जीएस' लिहिलेलं असतं. एसएस म्हणजे आखूड केज, जीएस म्हणजे मध्यम लांबीचा. केज म्हणजे दोन छोटी चाकं धरणारा, खाली लोंबणारा भाग.

उदाहरणार्थ शिमानोच्या '१०५' नावाच्या मालिकेतला आर७०००. यातला एसएस ३० दात्यांपर्यंत चालतो, जीएस ३४ पर्यंत. त्याच्या आधीच्या ५८०० मध्ये हेच आकडे २८ आणि ३२ होते. अल्टेग्रा मालिकेतल्या आर८००० चे आकडे आर७००० सारखेच, ३० आणि ३४. म्हणजे एकाच नावाच्या दोन सायकली शेजारी उभ्या असल्या तरी एकीला ३४ बसेल आणि दुसरीला नाही, असं होऊ शकतं. मित्राच्या सायकलकडे बघून कॅसेट मागवू नका.

दुसरी मर्यादा एकूण क्षमतेची. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक आणि कॅसेटच्या सर्वात मोठ्या व सर्वात लहान चकतीतला फरक, यांची बेरीज करायची. ५०/३४ आणि ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. आर७००० जीएसची क्षमता बरोबर ३९ आहे. एसएसची ३५. क्षमता ओलांडली तर लहान-लहान (पुढे लहान, मागेही लहान चकती) गिअरमध्ये चेन सैल पडून लोंबते. मोठ्या-मोठ्या गिअरमध्ये ती ताणली जाते, आणि ते फार महाग पडू शकतं. त्याबद्दल खाली चेनच्या प्रश्नात लिहिलं आहे.

कंपनीने ३० सांगितलंय, पण एकजण ३२ लावून फिरतोय. चालतं का?

बऱ्याचदा चालतं. कंपनी आकडा जपूनच देते. शिवाय फ्रेमच्या हँगरची (आरडी ज्यावर बसतो त्या तुकड्याची) लांबी प्रत्येक सायकलला थोडी वेगळी असते, त्यामुळे एका फ्रेमवर जे बसतं ते दुसरीवर घासतं. आरडीच्या मागे बी-टेन्शनचा स्क्रू असतो. तो आत पिळला की वरचं छोटं चाक कॅसेटपासून लांब जातं. सर्वात हलक्या गिअरवर टाकून पेडल उलटं फिरवा. वरचं चाक कॅसेटच्या दात्यांवर खरखरत असेल आणि स्क्रू पूर्ण आत गेलेला असेल, तर त्या सायकलवर तेवढे दाते बसत नाहीत, विषय संपला. दोन दात्यांची सूट मिळाली तर घ्यावी. चार-सहा दात्यांची अपेक्षा धरू नये.

आरडीच बदलायचा ठरवला तर कुठला घेऊ?

इथे लोकांचे पैसे सर्वात जास्त वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर) एका क्लिकला किती केबल ओढतो आणि तेवढ्या ओढीने आरडी किती सरकतो, ही जोडी जुळली पाहिजे. स्पीड म्हणजे मागच्या चकत्यांची संख्या. शिमानोच्या ८ आणि ९ स्पीडच्या रोड शिफ्टरची आणि जुन्या १० स्पीडच्या रोड शिफ्टरची ओढ एकाच हिशोबाची आहे. माउंटन बाईकचे ७, ८ आणि ९ स्पीडचे आरडीही त्याच हिशोबाचे. त्यामुळे क्लॅरिस किंवा सोरा या रोड मालिकांच्या सायकलवर ९ स्पीडचा अल्टस, असेरा, अलिव्हिओ किंवा जुना डिओर हा माउंटन आरडी लावून मागे ३४ किंवा त्याहून मोठी कॅसेट चालवता येते. दिसायला जरा दणकट दिसतो, पण काम चोख करतो. टूरिंगवाले वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत.

शिमानोचीच टियाग्रा ४७०० ही रोड मालिका दहा स्पीडची असली तरी या गटात येत नाही. तिची ओढ ११ स्पीडच्या रोड गटाशी जुळते, त्यामुळे तिच्यावर ११ स्पीडचा रोड आरडी चालतो. माउंटन बाईकचे १० स्पीडचे आरडी मात्र कुठल्याही शिमानो रोड शिफ्टरशी जुळत नाहीत. 'दहा आणि दहा, जुळणारच' असं दुकानात कोणी ठणकावून सांगितलं तरी ऐकू नका. एस-रॅम या दुसऱ्या कंपनीत उलट आहे. तिथे १० स्पीडचे रोड शिफ्टर आणि १० स्पीडचे माउंटन आरडी एकमेकांशी जुळतात.

११ स्पीडच्या १०५ किंवा अल्टेग्रावर एसएस असेल तर सरळ त्याच मालिकेतला जीएस घ्या. उगाच प्रयोग नकोत.

हँगर एक्स्टेंडर लावून भागेल का?

भागतं. हा लहानसा धातूचा तुकडा फ्रेमचा हँगर आणि आरडी यांच्यामध्ये बसतो आणि आरडीला खाली आणतो, त्यामुळे मोठी कॅसेट खाली मावते. मोबदल्यात लहान चकत्यांवर गिअर बदलणं किंचित सुस्त होतं, कारण वरचं चाक तिथे कॅसेटपासून लांब पडतं. केजची लांबी काही त्याने वाढत नाही, म्हणजे एकूण क्षमता आहे तेवढीच राहते. महिनाभराच्या हिमालय सहलीसाठी ठीक. कायमचा इलाज हवा असेल तर आरडी बदलणं बरं.

नवी कॅसेट लावली की चेनही नवी घ्यावी लागते का?

लांबी तपासावीच लागते. २८ वरून ३४ वर गेलात तर साधारण दोन ते चार कड्या जास्त लागतात.

तपासायची पद्धत अशी. चेन आरडीतून न घालता नुसती पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीवरून फिरवून घ्या. दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा आणि चेन कटरने बाकीची तोडा. पुढे मोठी आणि मागेही मोठी हा गिअर वापरू नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण दमलेल्या अवस्थेत, घाम डोळ्यात जात असताना, बोट चुकीच्या लिव्हरवर जातंच. चेन आखूड असेल तर त्या क्षणी ती कचकन ताणली जाते, हँगर वाकतो किंवा तुटतो आणि आरडी चाकाच्या स्पोकमध्ये जातो. एवढं सगळं होतं ते दोन कड्यांपायी, म्हणून चेन लांब ठेवण्याच्या बाजूने चुका.

जुनी चेन झिजलेली असेल तर तीत कड्या जोडत बसू नका. नव्या कॅसेटवर झिजलेली चेन घसरते आणि कॅसेटही लवकर खाते.

११-३४ लावली तर सपाटीवर दोन गिअरमधलं अंतर फार वाटेल ना?

ही भीती जितकी पसरली आहे तितकी खरी नाही. ११ स्पीडच्या दोन्ही कॅसेट शेजारी ठेवून दाते मोजा.

११-२८ मध्ये ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८.
११-३४ मध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४.

१५ पासून २५ पर्यंत दोन्ही हुबेहूब सारख्या. गेल्या त्या फक्त १२ आणि १४. ५० च्या चेनरिंगवर १४ ची चकती मिनिटाला ८५ फेऱ्यांनी चालवली तर वेग ताशी ३८ किलोमीटर येतो. तुम्ही सपाटीवर ३८ ने फिरत असाल तर ही १४ ची चकती तुम्हाला आठवेल. ताशी २५-३० ने फिरणाऱ्याला काही हरवल्याचं कळणारही नाही.

११-३२ ची गोष्ट वेगळी. तिच्यात ११, १२, १३, १४, १६, १८, २०, २२, २५, २८, ३२ अशी रचना आहे. सपाटीवर रेस करणारे आणि अधूनमधून घाट चढणारे, त्यांना ती जास्त रुचते. वजनाचं म्हणाल तर ३४ ची कॅसेट २८ च्या तुलनेत शंभर ग्रॅमच्या आसपास जास्त भरते. अर्धा कप चहा कमी प्यायलात की हिशोब चुकता.

११-३४ बसवली, लॉकरिंग (कॅसेट आवळणारी रिंग) घट्ट केली, तरी कॅसेट हलतेय. का?

स्पेसर राहिला असणार. शिमानोची ११ स्पीडची ११-३४ ही कॅसेट १० स्पीडच्या रुंदीच्या फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसायचा भाग) बसेल अशी बनवलेली आहे. ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर ती लावताना मागे आधी १.८५ मिलीमीटरचा स्पेसर घालावा लागतो. तो कॅसेटच्या खोक्यात असतो. खोकं फेकण्याआधी बघा.

माझी सायकल ७ स्पीडची आहे, मागे फ्रीव्हील (आट्यांनी चाकावर बसणारा चकत्यांचा संच) आहे. मला यातलं काही लागू पडतं का?

पडतं, आणि स्वस्तात. १४-३४ ची ७ स्पीड फ्रीव्हील मिळते. सुरुवातीच्या रोड बाईकवरचा टूर्नी आरडी २८ पर्यंतचाच असतो, त्यामुळे त्याच्या जागी लांब केजचा अल्टस किंवा तत्सम आरडी घ्या, शिफ्टर तेच राहतात. फक्त जुनी फ्रीव्हील काढणं कष्टाचं असतं. आटे असलेली फ्रीव्हील पेडल मारून मारून आणखी घट्ट होत जाते, त्यामुळे योग्य ओपनर आणि मोठा पाना असलेल्या दुकानातच न्या. छिन्नी-हातोडीने ठोकायला निघालेल्या माणसाच्या हातून चाक परत घ्या.

पुढे ५२/३६ आहे. ५०/३४ करता येईल?

शिमानोच्या चार हातांच्या ११० मिलीमीटरच्या (चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) क्रँकवर दोन्ही जोड्या बसतात. क्रँक तसाच ठेवून फक्त चेनरिंग बदलायच्या. दोन दाते कमी झाले की मोठ्या चेनरिंगची त्रिज्या ४ मिलीमीटर घटते, म्हणून पुढचा डिरेल्युअरही ४ मिलीमीटर खाली आणावा लागतो. त्याचा पिंजरा आणि दात्यांची टोकं यांच्यात १ ते ३ मिलीमीटर जागा हवी.

३४ च्या खाली मात्र या क्रँकवर जाता येत नाही. आणि जुन्या सायकलींवर ५३/३९ चा १३० मिलीमीटरचा क्रँक असेल तर तिथे ३८ च्या खाली काहीच बसत नाही. तिथे क्रँकच बदला.

४६/३० चा ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांच्या सायकलचा) क्रँक रोड बाईकवर लावू का?

डोंगरात राहणाऱ्याला, टूरिंगवाल्याला, पन्नाशी ओलांडलेल्याला मी डोळे झाकून हेच सांगेन. ३०/३४ म्हणजे ०.८८, आणि तेही ३४ च्या कॅसेटवर. लोक विचारतात की उतारावर वेग कमी होईल का. ४६/११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी ४७ किलोमीटर मिळतात, ५०/११ वर ५१. आपल्या घाटात, वळणावर समोरून एसटी येत असताना, ४७ च्या वर पेडल मारायची कोणाला गरज आहे?

अडचण दुसरीकडे आहे. शिमानोच्या जीआरएक्स या ग्रॅव्हल मालिकेतल्या क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) रोडच्या तुलनेत २.५ मिलीमीटर बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेल्युअरही जीआरएक्सचाच घ्यावा लागतो. आणि ५० वरून ४६ म्हणजे त्रिज्येत ८ मिलीमीटरचा फरक. फ्रेमवर डिरेल्युअर बसवायची खाच तेवढी खाली जाते का ते खरेदीआधी मोजून बघा. कार्बन फ्रेमवर बऱ्याचदा इथेच घोडं अडतं.

तीन चेनरिंगचा जमाना गेला का?

नव्या सायकलींवरून गेला. जुन्या सोरा किंवा क्लॅरिसची ५०-३९-३० ट्रिपल तुमच्याकडे असेल तर ती विकू नका, तिचा सांभाळ करा. नव्याने बसवायची तर क्रँक, डावा शिफ्टर, पुढचा डिरेल्युअर आणि लांब केजचा आरडी, चारही बदलावे लागतात.

१२ स्पीडवाल्यांनी काय करायचं?

फार काही नाही. १०५ च्या १२ स्पीड मालिकेत ११-३६ पर्यंत कॅसेट आहे. एस-रॅमच्या रायव्हल एएक्सएसवर १०-३६ चालते आणि पुढे ४६/३३ मिळतं. सायकल नवी घेत असाल तर दुकानातच मोठी कॅसेट मागून घ्या.

इतका हलका गिअर लावला तर ग्रुपमध्ये हसतात.

हसू देत. टूर द फ्रान्समध्ये डिरेल्युअर वापरायला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती, कारण गिअर बदलणं म्हणजे कमजोरपणा अशी तेव्हाच्या संयोजकांची समजूत होती. ती समजूत तिथे मोडली, आपल्याकडच्या काही ग्रुपमध्ये अजून शिल्लक आहे. हसणाऱ्यांपैकी कितीजण शेवटच्या वळणावर सायकल हातात धरून चालतात, ते मागून येताना बघा.

गिअर हलका किती असावा? त्यालाही मर्यादा असेलच.

वेगाची मर्यादा आहे. ताशी ५ च्या खाली सायकल डुलायला लागते आणि सरळ रेषेत ठेवणं कठीण होतं. चढ कमी करायला काहीजण रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जातात. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ठीक, रविवारी सिंहगडावर जीपांची रीघ असताना जिवावरचा खेळ. तेवढा वेगही टिकत नसेल तर उतरून चाला.

गुडघे दुखतात. हलक्या गिअरने थांबेल?

कमी फेऱ्यांत जोर लावून चालवण्याने दुखत असतील तर बराच आराम पडतो. आधी सीटची उंची तपासा. सीट खाली असेल तर कुठलाही गिअर गुडघ्याला वाचवत नाही. तरीही दुखलं तर डॉक्टरकडे जा.

हे सगळं घरी करता येईल का?

कॅसेट आणि चेन नक्कीच. चेन व्हिप (कॅसेट फिरू न देता धरायचं अवजार), लॉकरिंगचा ओपनर, चेन कटर आणि एक मोठा पाना एवढ्यात भागतं. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळायची, म्हणजे चांगलीच घट्ट. आवळताना कटकट असा आवाज येतो, तो तिच्या खाचांचा असतो, घाबरायचं नाही. कॅसेटच्या चकत्या फ्रीहबवर एकाच बाजूने बसतात. एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, ती आधी शोधा. हँगर सरळ करायचं अवजार मात्र घरी कोणाकडे नसतं. त्यासाठी दुकानात जा.

सगळं बसवलं. आता थेट घाटात जाऊ?

आधी घरासमोर. सायकल स्टँडवर घ्या, सर्वात हलक्या गिअरवर टाका आणि आरडी हाताने आत, चाकाच्या दिशेने ढकला. तो सर्वात मोठ्या चकतीच्या पलीकडे सरकत असेल तर 'एल' लिहिलेला स्क्रू थोडा आत पिळा. नाहीतर चढावर, नेमका पूर्ण जोर लावलेला असताना, चेन कॅसेट आणि स्पोकच्या फटीत जाऊन बसते आणि चाक जागच्या जागी अडकतं. मग गल्लीतल्या एखाद्या उतारावर दोन-चार वेळा वर-खाली करा, सगळे गिअर जोर लावून बदलून बघा. नवी केबल टाकली असेल तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ती थोडी ताणली जाते आणि गिअर अर्धवट बसायला लागतात. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलायचा आरडीजवळचा गोल स्क्रू) अर्धा फेरा डावीकडे फिरवला की परत जागेवर येतात.